बटण मी दाबलं

लग्नाची ऑर्डर द्यायला लोक स्टुडिओत येतात तेव्हा पहिला प्रश्न दराचा असतो, दुसरा ड्रोनचा. सगळं ठरतं, बयाणा हातात पडतो, आणि मग चपला घालता घालता कुणीतरी विचारतं, "दादा, सगळे फोटो देणार ना? रॉ डेटासकट?" विचारणारा बहुतेक वेळा मुलीचा भाऊ असतो, नाहीतर पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करणारा आतेभाऊ. त्याला कुठूनतरी कळलेलं असतं की फोटोवाले चांगले फोटो दाबून ठेवतात आणि मागाहून त्यांचे वेगळे पैसे लावतात. अगदीच खोटं नाही ते. असे लोक आमच्या धंद्यात आहेत.

मी सांगलीत विश्रामबागेत स्टुडिओ चालवतो. निम्मं काम लग्नांचं, निम्मं कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतलं. मशिनं, शेड, कॅटलॉग, वर्षाकाठी एखाद्या डायरेक्टर साहेबांचा टाय लावलेला फोटो. दोन्हीकडे पैसे घेऊन दुसऱ्यासाठी फोटो काढायचे. त्यामुळे काढलेला फोटो नक्की कुणाचा, या भानगडीतून माझी सुटका नाही.

माझे उस्ताद, त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, त्यांच्याकडे ही भानगड नव्हती. गावभागातल्या त्यांच्या स्टुडिओत एकच नियम होता: प्रिंट गिऱ्हाइकाची, निगेटिव्ह स्टुडिओची. रोल धुऊन वाळला की सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापायच्या, बटर पेपरात घालायच्या, खाकी पाकिटावर नंबर टाकायचा आणि तोच नंबर रजिस्टरात नाव, गाव, तारखेसमोर लिहायचा. गिऱ्हाईक परत यायचं ते बहुतेक घरातलं कुणी गेल्यावर. तेराव्याला हार घालायला फोटो हवा, आणि घरात त्या माणसाचा एकट्याचा फोटोच नाही. मग कुठल्याशा लग्नातल्या ग्रुपमधला, दुसऱ्या ओळीतला चेहरा शोधायचा, एन्लार्जरखाली मोठा करायचा, शेजारच्याचा खांदा ब्रशने घालवायचा. निगेटिव्ह मास्तरांकडे आहे याचा त्या वेळी कुणाला राग येत नसे, उलट हायसं वाटे.

तेव्हा चांदीवाले दारावर यायचे. जुनी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, एक्स-रे, फिल्म धुताना वापरलेल्या हायपोचं पाणी, यातून चांदी काढायचा त्यांचा धंदा. रंगीत निगेटिव्हला ते हात लावत नसत, कारण रंगीत फिल्म धुतानाच तिच्यातली चांदी निघून गेलेली असते. मास्तरांनी हायपो विकला, फिल्म कधी विकली नाही. "लोकांची आहे ती," म्हणायचे. आणि तीच निगेटिव्ह एखाद्या गिऱ्हाइकाने घरी न्यायला मागितली की लगेच "स्टुडिओची" व्हायची! ही विसंगती त्यांना खटकत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला अजूनही फारशी खटकत नाही. २००५ च्या पुरात पाकिटं आणि रजिस्टर दोन्ही गेली. जिलेटिन फुगून पट्ट्या एकमेकींना अशा चिकटल्या की कपाटातून विटाच निघाल्या.

मास्तरांचा नियम कायद्यात मात्र कुठेच नाही. ते मला कळलं एका वकील मित्राकडून, आणि तेही त्याच्याच मुलीच्या बारशाचे फोटो काढताना. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस, एवढं त्यात स्वच्छ लिहिलंय. फोटोत कला आहे की नाही याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही, पासपोर्टचा फोटोसुद्धा त्याच्या लेखी कलाकृतीच. इथवर ऐकून मला बरं वाटलं होतं. पण मालक कोण ते कलम १७ ठरवतं. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि दोघांत वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा. कर्ता मी, मालक गिऱ्हाईक.

ही तरतूद इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यातून आपल्याकडे आलेली. त्यांनी स्वतः १९८८ साली ती बदलली. मालकी फोटोग्राफरला दिली आणि घरगुती कारणासाठी काढून घेतलेले फोटो त्याने परस्पर छापू नयेत, मांडू नयेत, असा हक्क गिऱ्हाइकाला दिला. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते. आपण जुनंच धरून बसलो. २०१२ च्या दुरुस्तीत मुदत तेवढी वाढली. आधी फोटो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं होती, आता फोटोग्राफर गेल्यापासून ६० वर्षं. "म्हणजे मोजायचं तुझ्या मरणापासून, आणि माल दुसऱ्याचा," मित्र म्हणाला आणि पेढ्याचा बॉक्स पुढे केला.

काही झालं तरी कर्त्याकडे एक गोष्ट उरते, ती कलम ५७ मध्ये आहे. मालकी गेली तरी 'हे मी केलंय' म्हणायचा हक्क जात नाही, आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड कुणी केली तर अडवता येतं. या कलमाशी माझी गाठ पडली ती एका कॅटलॉगच्या कामात. काम एका जाहिरात एजन्सीकडून आलं होतं. एका कारखान्यात गिअर कापणाऱ्या मशिनचे फोटो काढायचे होते. दिवसा शेडच्या पत्र्यातून ऊन असं गळायचं की मशिनच्या अंगावर पांढरे पट्टे पडायचे, म्हणून रात्रपाळीत काम केलं. ऑपरेटरला सांगून कूलंटचा फवारा मधेच बंद करायचा, तेल पुसायचं, पुन्हा सुरू करायचा. पैसे वेळेवर आले, तक्रार नाही. पुढे एका औद्योगिक प्रदर्शनात तोच फोटो भिंतभर लावलेला दिसला, आणि खाली कोपऱ्यात छायाचित्र म्हणून एजन्सीच्या मालकाचं नाव. ते गृहस्थ त्या रात्री पुण्यात झोपले होते.

मी मालकीबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण ती माझी नव्हतीच. नावाबद्दल पत्र लिहिलं, कलमाचा आकडा घालून. आठवड्याभरात त्यांनी त्यांचं नाव काढलं. माझं घातलं नाही. नुसती भिंत आणि मशिन. मित्र म्हणाला, पुढे जाऊ या. मी म्हटलं, त्या एजन्सीकडून वर्षाला बरंच काम येतं. तिथेच तो विषय संपला. ज्यांचं पोट अशा कामावर आहे त्यांचे बहुतेक हक्क इथेच येऊन थांबतात.

नावाच्या बाबतीत होमाई व्यारावाला यांची आठवण निघतेच. भारतातली पहिली बाई प्रेस फोटोग्राफर म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं, २०११ साली पद्मविभूषणही मिळालं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या बाईंचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या नावाने. त्यांच्या घरात तरी तो मामला दोघांच्या संमतीचा होता.

एजन्सीच्या मालकावर मी अजून चरफडत असतानाच माझ्याकडचा एक पोरगा माझ्यासमोर उभा राहिला. लग्नाच्या कामात एकट्याने भागत नाही. दिवसाच्या रोजावर दोन-तीन पोरं घ्यावी लागतात, कॅन्डिडला एक, व्हिडिओला एक, कधी मुलाकडच्या पाहुण्यांसाठी वेगळा. वरात संपली की जेवायच्या आधी कार्डं गोळा करायची. प्रत्येक कार्डावर चिकटपट्टी, तिच्यावर नाव. लॅपटॉपवर एक कॉपी, बाहेरच्या डिस्कवर दुसरी, फोटोंचे आकडे जुळले की मगच पंगतीला बसायचं. पण हल्लीच्या कॅमेऱ्यांत दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हीवर जातो. एक कार्ड पोरगा मला देतो, दुसरं त्याच्या कॅमेऱ्यात घरी जातं. तिथं कुलूप घालायचा काही उपाय नाही. त्याच्यावर भरवसा ठेवायचा, एवढंच.

या पोराने लग्नानंतर दोनच दिवसांनी नवरीचा एक फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकला. घरच्यांनी अजून एकही फोटो पाहिला नव्हता. नवरीच्या मावसबहिणीने पाहिला, तिने नवरीला पाठवला आणि नवरीच्या सासऱ्यांचा मला फोन आला. फोटोत वावगं काही नव्हतं. गौरीहरापाशी बसलेली मुलगी, मान खाली, मुंडावळ्या थोड्या वाकड्या. पण आपल्या घरातल्या कार्याची पहिली झलक परक्या माणसाच्या पानावर आली, हे त्यांना लागलं. लागणारच.

पोराला बोलावलं. त्याने फोटो लगेच काढला, पण मान खाली घातली नाही. म्हणाला, "सर, पैसे तुम्ही दिले, ऑर्डर तुमची, मान्य. पण बटण मी दाबलं."

मला दोन मिनिटं काही बोलता येईना. एजन्सीला पाठवलेल्या पत्रात मी तेच लिहिलं होतं, फक्त कलम घालून. रोजावर आलेला तो माझा नोकरही नाही. कायद्याने त्या फोटोचा कर्ता तोच. मी त्याच्यासाठी एजन्सी झालो होतो, आणि माझ्या अल्बमवर शेवटच्या पानावर छापतो ते नाव एकट्या माझ्या स्टुडिओचं. तेव्हापासून अल्बमच्या शेवटी त्या दिवशी काम केलेल्या सगळ्यांची नावं असतात. गिऱ्हाइकाला अल्बम पोचला की पोरांनी मला विचारून, घरच्यांनी हो म्हटलेले फोटो लावायचे. धंद्यातले काहीजण म्हणतात की मी पोरांना डोक्यावर बसवून ठेवलंय, उद्या माझंच गिऱ्हाईक तोडतील. तोडतीलही. माझ्याकडून शिकून गेलेल्यांतल्या दोघांचे स्टुडिओ याच रस्त्यावर आहेत.

कायदा, नाव, पैसे यांची उत्तरं कशीबशी निघतात. पण एका घराच्या बाबतीत मला ती काढता आली नाहीत.

हळदीचा दिवस होता. मुलगी पाटावर बसलेली, सवाष्णी आंब्याच्या पानांनी हळद लावत होत्या. मुलीची आजी माजघराच्या दारात चौकटीला हात टेकून उभी होती. विधवा म्हणून ती स्वतः आत आली नव्हती आणि कुणी बोलावलंही नव्हतं. मुलगी पाटावरून उठली, दारापर्यंत गेली, आजीचा हात धरून हळदीच्या वाटीत बुडवला आणि आपल्या गालावर ओढून घेतला. मी इतका जवळ होतो की फ्लॅश मारला असता तर सगळंच मोडलं असतं. दाराच्या उजेडात तीन फ्रेम मिळाल्या. पहिलीत आजी भेदरलेली, दुसरीत डोळे मिटलेले. तिसरीत तिची बोटं मुलीच्या गालावर रुतली आहेत, आणि मागे एक काकू तोंड दुसरीकडे करून उभ्या आहेत. त्या काकूंमुळे तो फोटो आहे. मी तो मोठा करून स्टुडिओत लावला, घरच्यांना विचारून. वडील खूश होते, मुलगीही.

काही वर्षांनी तिघांचे फोन आले. आधी जावयाचा. त्याला सगळा डेटा हवा होता, वकिलांनी मागितलाय म्हणाला, आणि आवाज चढवून, "निम्मा खर्च आमच्याकडचा होता." ऑर्डर मुलीच्या वडिलांची, पावती त्यांच्या नावाची. मी म्हटलं, कोर्टाचं पत्र आणा, लगेच देतो. मग मुलीचा. "काका, सगळं डिलीट करा. भिंतीवरचा पण काढा. त्या तीन दिवसांतलं मला काही नको." आणि दोन दिवसांनी वडिलांचा. मुलीने मला फोन केल्याचं त्यांना माहीत होतं. "डिलीट करू नका. आई मागल्या वर्षी गेली. तिचा दुसरा धड फोटो नाही हो आमच्याकडे."

भिंतीवरचा फोटो त्याच संध्याकाळी उतरवला, इन्स्टाग्रामवरचाही. मी आजवर काढलेल्या फोटोंतला तो सगळ्यात चांगला, असं माझं मत आहे. या मताला कायद्यात जागा नाही. कलम ५७ खाली एक स्पष्टीकरण आहे, त्यात साफ म्हटलंय की कलाकृती मांडली नाही किंवा कर्त्याच्या मनासारखी मांडली नाही, म्हणून त्याच्या हक्काचा भंग होत नाही. वाचलं तेव्हा हे वाक्य कोरडं वाटलं होतं.

डेटाचं काय करायचं? कायद्याने पाहिलं तर ऑर्डर देणारे वडील मालक. पण प्रत्येक फोटोत चेहरा मुलीचा, आणि नको म्हणणारी तीच. वडील एक दिवस नवी डिस्क घेऊन आले. हळदीच्या दिवसाचं आणि आजी असलेलं सगळं त्यांनी स्वतः शेजारी बसून निवडलं, लग्नातलं आणि रिसेप्शनचं काही घेतलं नाही. मग म्हणाले, "आता तुमच्याकडचं सगळं काढून टाका. आणि हे मी नेलंय ते तिला सांगू नका." मी त्यांच्यासमोर काढलं. महिन्याभराने मुलीचा फोन आला, "काका, झालं का?" मी म्हटलं, "माझ्याकडे आता एकही फोटो नाही." हे खरं होतं. पुढचं तिने विचारलं नाही, मीही बोललो नाही. माझ्या वकील मित्राला हे पटतं, माझ्या बायकोला अजिबात पटत नाही. तिचं म्हणणं, मुलीने विचारलं ते 'नष्ट झाले का' असं होतं, 'तुझ्याकडे आहेत का' असं नव्हतं.

आणि २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ आहे. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर लोक अल्बम घेऊन विश्रामबागेत यायला लागले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, पोत्यांत. करिज्मा अल्बमची जाड पानं एकमेकांना चिकटून गेलेली. जुन्या अल्बममधले सुटे फोटो अजून ओले असतील तर वाचायचे. लोकांना सांगत होतो, ओढून सोडवू नका, स्वच्छ पाण्यात भिजत ठेवा, सुटले की दोरीवर चिमटा लावून वाळवा. शामरावनगरात एका गच्चीवर साड्यांच्या रांगेला पूर्ण लग्न वाळत घातलेलं मी पाहिलंय.

ज्यांनी लग्नाच्या वेळी हट्टाने सगळा डेटा मागून नेला, त्यातल्या बऱ्याच जणांचे पेनड्राइव्ह दागिन्यांच्या डब्याशेजारी खालच्या कप्प्यात होते. चिखल झाला होता त्यांचा. ज्यांनी काहीच मागितलं नव्हतं, त्यांच्यातल्या निम्म्यांचे फोटो माझ्या पहिल्या मजल्यावरच्या डिस्कवर निघाले. पावतीवर तर मी छापतो की अल्बम दिल्यानंतर तीन महिन्यांनी डेटाची जबाबदारी स्टुडिओवर नाही. जबाबदारी नव्हतीच. डिस्क स्वस्त झाल्या आणि पुसायचा कंटाळा, म्हणून राहिले होते ते. पण समोर उभी असलेली बाई हे ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. तिच्या दृष्टीने मी तिचे फोटो जपून ठेवले होते. या कामाचे पैसे घ्यायचे का, यावर आम्हा फोटोवाल्यांत वाद झाला. काहींनी रिकव्हरीचे म्हणून दणकून घेतले. मी प्रिंटचा खर्च घेतला, काढून देण्याचे घेतले नाहीत. फोटो त्यांचेच होते, मी कायद्याचं पान उघडून बसलो असतो तरी.

पुरानंतर सांगलीतल्या फोटोग्राफरांच्या एका बैठकीत मी एका पानाचा करारनामा वाचून दाखवला. साधी मराठी. फोटो कुठे वापरायचे ते आधी विचारणार, कारखान्याच्या कामात किती वर्षं आणि कुठल्या मुलखात तेही लिहिणार. हक्क लेखी द्यायचे आणि मुदत, मुलूख लिहायचा राहिला, तर कायदा पाच वर्षं आणि भारत एवढंच धरतो. डेटा किती दिवस ठेवणार, काम कुणी केलं त्याचं नाव, इन्स्टाग्रामला हो की नाही. जुने लोक तयार नव्हते. एक ज्येष्ठ म्हणाले, "अहो, शुभकार्याच्या घरात कागद पुढे केला की माणूस दुसऱ्याकडे जातो." थोडं खरं आहे. दोघं-तिघं गेले माझ्याकडून.

एका ओळीवर मात्र सगळे अडले. लग्न मोडलं तर डेटा कुणाला द्यायचा? अक्षता पडायच्या आधी ही ओळ कोण वाचून दाखवणार! हसले सगळे. ती ओळ वगळून बाकी करारनामा चार-पाच जणांनी उचलला.

मी ती ठेवलीय, जरा आडवळणाने: "डेटा फक्त ऑर्डर देणाऱ्यालाच मिळेल." आता अडचण अशी की हल्ली मुलगा-मुलगीच खर्च अर्धा अर्धा करतात आणि ऑर्डरवर दोघं सही मारतात. उद्या दोघांतला एक द्या म्हणाला आणि दुसरा देऊ नका म्हणाला तर? वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, "तशी केस आली की फोन कर. फी निम्मी-निम्मी दोघांकडून घेऊ."